हाताचा एक्स-रे

दुखणं पायाचं आणि एक्स-रे काढायला सांगितला डाव्या हाताचा. मी कागद दोनदा वाचला आणि परत आत जाऊन विचारलं. "बरोबर आहे ताई," डॉक्टर म्हणाले, "पाय किती वाकलाय ते पायाच्या फोटोत दिसेल. तो सरळ करायला आपल्याकडे वेळ किती आहे, ते हात सांगेल."

लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. गुडघे जुळवून उभी राहिली की दोन घोट्यांच्या मध्ये माझी मूठ सहज मावायची. पळताना गुडघ्यावर गुडघा आपटायचा, बुटांची आतली कड आधी झिजायची आणि जिने उतरताना ती कठडा धरायची. सासूबाईंचं ठरलेलं उत्तर होतं, "वाढत्या अंगाचं हाय, व्हईल सरळ." त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. मूल चालायला लागतं तेव्हा त्याचे पाय बाहेर बाकदार असतात, तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे आत झुकतात आणि सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेकांचे आपोआप जागेवर येतात. आमच्या लेकीचं नेमकं त्या वयानंतर वाढत गेलं.

पहिल्या भेटीत पायाला हात लागण्याआधीच प्रश्न सुरू झाले. पाणी कुठलं पिता? हा प्रश्न सूसच्या माणसाला विचारावा! 30 जून 2021 ला आसपासच्या गावांबरोबर आम्हीही पुणे महापालिकेत गेलो, पण जिथे आम्ही भात लावायचो तिथे उभ्या राहिलेल्या इमारतीत राहूनही उन्हाळ्यात आमचा जीव टँकरवरच. तो टँकर कुठल्या बोअरवर भरला, ते कोण सांगणार? डॉक्टरांना काळजी होती फ्लोराइडची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1973 साली आंध्रातल्या फ्लोराइडग्रस्त गावांमध्ये असे आत वळलेले गुडघे नोंदवले होते, आणि आपल्याकडे चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांतलं पाणीही त्यासाठी बदनाम आहे. मी पाणी तपासून घेतलं. फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत निघालं. रक्तात ड जीवनसत्त्व कमी होतं, त्याची औषधं सुरू झाली. पण फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज ठीक असल्यामुळे मुडदूस नाही हे पक्कं झालं. ही चौकशी करायलाच हवी होती. मुडदूस असता आणि तसंच ऑपरेशन उरकलं असतं, तर सरळ केलेला पाय पुन्हा वाकला असता.

मग आली हाताची पाळी. मनगटातली छोटी हाडं आणि बोटांची टोकं किती जुळलीत यावरून हाडांचं वय ठरतं. त्यासाठी डॉक्टर अजूनही ग्रुलिक आणि पाइल यांचा, 1950 साली पहिल्यांदा निघालेला अ‍ॅटलास उघडतात. म्हणजे सूसच्या पोरीचा हात क्लीव्हलंडच्या, ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या मुलांच्या हातांशी ताडून बघायचा. मला मजा वाटली, पण उत्तर कामाचं होतं: हाडांचं वयही अकराच्या आसपास. मुलींची वाढ साधारण चौदाव्या वर्षी थांबते. "पाळी आलीय का?" असंही डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा लेकीने मान खाली घातली. अजून आली नव्हती. आल्यावर दोनेक वर्षं थोडीफार वाढ उरते, पण तिचा वेग ओसरत जातो.

आणि त्या वाढीवरच तर सगळा खेळ होता. उभं करून कमरेपासून घोट्यापर्यंतचा एक लांब एक्स-रे काढला. खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली की ती गुडघ्याच्या मधून जायला हवी. आमची रेघ गुडघ्याबाहेरून जात होती, म्हणजे सगळा भार बाहेरच्या कडेवर. दोष मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला होता. तिथली ग्रोथ प्लेट वर्षाला साधारण 9 ते 10 मिलिमीटर हाड वाढवते. तिच्या आतल्या बाजूला दोन स्क्रूंची छोटी पट्टी बसवायची: एक स्क्रू वर, एक खाली. आतली बाजू अडून राहते, बाहेरची वाढत राहते, पाय वळतो. हाड कुठेही कापायचं नाही. अमेरिकेत ब्लाउंट यांनी 1949 मध्ये हेच काम स्टेपल ठोकून केलं होतं. ही आठच्या आकड्यासारखी पट्टी स्टीव्हन्स यांची, 2007 ची.

नातेवाइकांत चर्चा झाली ती मात्र लग्नाची. "आत्ताच कशाला काप घालताय पोरीला? लग्नाच्या आधी बघू." जिना उतरताना तिला काय होतं, हे एकानेही विचारलं नाही. लग्नाच्या वयापर्यंत थांबलो असतो तर मांडीचं हाड कापून, वळवून, मोठी पट्टी बसवावी लागली असती. कित्येक आठवडे पायावर पूर्ण भार नाही आणि गुडघ्याबाहेरच्या नसेला धक्का लागण्याचीही धास्ती. पट्टीचं काम वाढ संपली की होतच नाही. मी नवऱ्याला एवढंच सांगितलं आणि तारीख घेतली.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दोन्ही गुडघ्यांच्या आत इंच-सव्वा इंचाचे काप, दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभी. घरी येताना सूस रोडच्या प्रत्येक खड्ड्याला ती ओरडली. खरा त्रास गुडघा वाकवण्याचा होता. फिजिओच्या ताई आल्या की लेक बाथरूममध्ये जाऊन बसायची.

पुढचे महिने कंटाळवाणे. महिन्याला जेमतेम अर्धा-पाऊण अंश फरक पडतो, रोज बघणाऱ्याला काहीच कळत नाही. दर तीन महिन्यांच्या एक्स-रेत मात्र आधी समांतर असलेले स्क्रू एकमेकांपासून फाकत चाललेले दिसायचे. पट्टी काम करतेय याची तीच खूण. डावा पाय आधी जुळला, तर त्याची पट्टी आधी काढली. उजव्याची नंतर, त्याच जुन्या व्रणातून. वेळेत काढली नाही तर पाय उलटा, बाहेर वाकू लागतो. आणि काढल्यावरही थोडा परत आत येऊ शकतो, म्हणून वाढ संपेपर्यंत तपासणी चालूच आहे.

मागच्या फेरीला सासूबाई सोबत होत्या. त्यांचे दोन्ही अंगठे शेजारच्या बोटांवर चढलेत, हाडाचा उंचवटा चपलेत मावत नाही. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, यावर शस्त्रक्रियेच्या शंभराहून जास्त पद्धती लिहिल्या गेल्यात. माझ्या मनात आलं, एकच चांगली असती तर शंभर कशाला लागल्या असत्या! तुमचं दुखत असेल तर बघू, नाहीतर रुंद पंजाची चप्पल घ्या, असं ते म्हणाले. सासूबाईंनी पाय आत ओढून घेतले. "चप्पलच घेती मी," म्हणाल्या, "आन् पोरीचं काय ते बघा."