पूर्वीचे झेरॉक्सवाले

नगरच्या सावेडी भागातले दादाचे दुकान त्याच्या वडिलांनी एसटीडी-पीसीओच्या सुकाळात काढले. पिवळी पाटी, काचेची खोली, मीटरवर पळणारे आकडे आणि रात्री दर उतरले की बाहेर लागणारी रांग. मोबाइल आले तसा फोन गेला, झेरॉक्सचे मशीन राहिले. त्याला लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग आणि फ्लेक्सची जोड मिळाली. अलीकडे लग्नपत्रिकाही छापून मिळतात. नाव तेवढे जुने राहिले होते: वडिलांचे नाव आणि पुढे ‘एसटीडी झेरॉक्स’. मुलगी, म्हणजे माझी भाची, शिकून धंद्यात उतरली आणि तिने पहिली अट घातली ती ‘एसटीडी’ पाटीवरून काढण्याची. हल्लीची कॉलेजची पोरे त्या तीन अक्षरांचा भलताच अर्थ लावून खिदळतात, हे तिने बापाला कोणत्या शब्दांत समजावले ते तिलाच ठाऊक.

दादा माझा आतेभाऊ. मी पुण्यात एका कंपनीच्या वेबसाइटचे काम बघते, एवढ्या भांडवलावर मला बोलावणे आले. ‘‘ऑनलाइनला नाव बदलायचंय. तू ये, तासाभराचं काम आहे.’’

तासाभराचे काम पाटी लावणाऱ्याचे निघाले. शिडी लावली, जुनी पाटी उतरवली, नवी चढवली, चहा पिऊन तो गेला. पाटीचा नियमही सरळ आहे. २०२२ च्या दुरुस्तीपासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि मराठी अक्षरे दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. दादाने नियम पाळला, शिवाय नव्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘पूर्वीचे’ लिहून जुने नाव घालून घेतले. भाचीला ते जुनाट वाटले. मला मात्र सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणी गोष्ट तीच वाटते.

पाटी दुकानदाराची असते. इंटरनेटवर नावाच्या ज्या नकला पसरलेल्या असतात त्यांचे मालक वेगळे, आणि एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही. दादाच्या दुकानाचे नाव गूगलच्या नकाशावर होते, फेसबुक पानावर होते, व्हॉट्सॲप बिझनेसवर होते, क्यूआर कोडच्या स्टँडवर होते आणि कधी कोणी भरली तेही आठवत नाही अशा दोन-तीन ऑनलाइन डिरेक्टऱ्यांतही होते. एके ठिकाणी तर अजून लँडलाइनचा नंबर होता. त्यात गावाचेच नाव बदललेले. अहमदनगरचे २०२४ साली अहिल्यानगर झाले. बोलताना लोक आधीही नगर म्हणत, आताही नगरच म्हणतात, त्यामुळे तोंडी व्यवहारात कोणाचे काही अडले नाही. पत्त्याच्या रकान्यात तशी सवलत नसते. कुठे जुने गाव आणि नवे दुकान, कुठे नवे गाव आणि जुने दुकान, अशी खिचडी काही दिवस होतीच.

सुरुवात कागदांपासून केली. ती सूचना दादाच्या सीएची. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात जीएसटीच्या नोंदीवर दोन नावे असतात: पॅन कार्डावरचे मालकाचे कायदेशीर नाव आणि दुकानाचे व्यापारी नाव. बदलायचे होते ते फक्त दुसरे. त्यासाठी आरईजी-१४ हा अर्ज आहे, आणि नोंदीतला बदल झाल्यापासून १५ दिवसांत कळवायचा असतो. मग शॉप ॲक्ट, मग उद्यम नोंदणी. हे कागद आधी हातात हवेत, कारण चालू खात्याचे नाव बदलताना बँक धंद्याच्या नव्या नावाचे दोन पुरावे मागते, आणि ऑनलाइनवाल्यांना शंका आली तर तेही असलेच काही मागतात. कागद, पाटी आणि पडद्यावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज परत येतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ की दोन ‘ए’, यावर बापलेकीत झालेला वाद सीएच्या ऑफिसातच मिटला, ते बरे झाले.

खरा गुंता नकाशावर होता. काही वर्षांपूर्वी एक तरुण दुकानात आला, ‘‘काका, तुम्हाला गूगलवर टाकून देतो’’ म्हणाला आणि पाचशे रुपये घेऊन गेला. त्याने काम चोख केले होते, फोटोसुद्धा छान काढले होते. फक्त सगळे स्वतःच्या ईमेलवरून केले होते. म्हणजे गूगलच्या लेखी दुकानाचा मालक तोच! त्याचा नंबर आता लागत नव्हता.

भाची म्हणाली, ‘‘आत्या, सोड ना. नव्या नावाने नवं प्रोफाइल काढू.’’ बहुतेक दुकानदार इथेच फसतात. जुन्या प्रोफाइलवर इतक्या वर्षांची मते जमलेली होती. रात्री दहाला प्रोजेक्ट बांधून दिला म्हणून एका विद्यार्थिनीने लिहिलेले चार शब्द होते, सुट्ट्या पैशांवरून भांडलेल्या गृहस्थांचा एक ताराही होता. नवे प्रोफाइल कोरे असते. शिवाय एकाच पत्त्यावर एकच दुकान दोन नावांनी दिसू लागले की गिऱ्हाईक जुन्यावर टिचकी मारते, तिथे कोणीतरी ‘कायमचे बंद’ असे सुचवून ठेवते आणि चालते दुकान बंद पडल्याची बातमी गावभर होते. मालक तोच, जागा तीच, धंदा तोच असेल, तर आहे त्याच प्रोफाइलचे नाव बदलायचे. हेच गूगलचेही धोरण आहे.

तेव्हा मालकी मागण्याचा अर्ज केला. असा अर्ज आला की सध्याच्या मालकाला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात. उत्तर आले नाही तर पडताळणी करून प्रोफाइल स्वतःकडे घेण्याचा मार्ग पुष्कळदा खुला होतो. दादाला तो मिळाला. पडताळणी व्हिडिओवर होती. भाचीने रस्त्यापासून चित्रण सुरू केले: शेजारची दुकाने, नवी पाटी, दादा कुलूप काढून शटर वर ढकलतोय, आतली मशिने, बिलबुक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला काढून देणारा माणूस स्वतःचे अस्सलपण सिद्ध करताना चांगलाच ताठ उभा राहिला होता.

नाव बदलण्याचा अर्ज त्यानंतर गेला. असे बदल कधी काही मिनिटांत मंजूर होतात, कधी महिनाभरही तपासणीत राहतात. नव्या नावात ‘झेरॉक्स’ नाही याची धास्ती दादाला तेव्हा बसली. ‘‘पोरं तर ‘झेरॉक्स नियर मी’ असंच टाकतात ना? मग नावाला जोडून लिहू, ‘झेरॉक्स, फ्लेक्स, लग्नपत्रिका’.’’ हा मोह शेकडो दुकानदारांना होतो आणि नकाशावर फिरताना तो जागोजागी दिसतोही. नियम मात्र स्पष्ट आहे: पाटीवर आहे तेवढेच नाव, पुढे जाहिरात नको. कोणी तक्रार केली तर प्रोफाइल निलंबित होऊ शकते. नावातून गेलेला शब्द ठेवायची जागा निराळी आहे. धंद्याचा प्रकार निवडण्याच्या यादीत फोटोकॉपीची दुकाने वेगळी दाखवलेली आहेत, आणि ७५० अक्षरांच्या वर्णनात ‘पूर्वीचे’ लिहून जुने नाव घालता येते. दादाची बारीक अक्षरांतली ओळ अशी नकाशावरही आली.

दुकानदारांना नावाच्या शिस्तीचे धडे देणारी ही सेवा स्वतः मात्र किती नावांनी फिरली आहे! २०१० मध्ये ती ‘गूगल प्लेसेस’ होती, २०१४ मध्ये ‘गूगल माय बिझनेस’ झाली आणि २०२१ पासून ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ आहे. या धंद्यातली माणसे अजून ‘जीएमबी’च म्हणतात.

फेसबुकचे पान आणि व्हॉट्सॲप यांत सांगण्यासारखे काही घडले नाही. डिरेक्टऱ्यांपैकी एकीने ओटीपीवर काम केले. दुसरीच्या माणसाने दुरुस्तीऐवजी वर्षाचे पॅकेज विकायला घेतले. त्याला नम्रपणे नकार दिला आणि पानावरच्या मोफत दुरुस्तीच्या अर्जावरून बदल करून घेतला. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर दुकान कोणा हौशी माणसाने टाकलेले होते. तिथे जुन्या नावासाठी वेगळा रकानाच आहे. व्यापारी कंपन्यांना जे सुचले नाही ते स्वयंसेवकांना सुचले, हे माझे मत.

शेवटी राहिली पैशाची बाजू, आणि गिऱ्हाईक सर्वांत जास्त अडले ते तिथेच. यूपीआयने पैसे पाठवताना समोरच्याचे बँकेतल्या नोंदीवरचे नाव दाखवावे, असा नियम राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने ३० जून २०२५ पासून लागू केला. फसवणूक रोखण्यासाठी तो योग्यच आहे. पण बँकेतला बदल होईपर्यंत पाटीवर एक नाव आणि मोबाइलच्या पडद्यावर दुसरे. ‘‘काका, हे कोणाला चाललेत पैसे?’’ असे दर दुसरा विद्यार्थी थबकून विचारी. दादा वर पाटीकडे बोट दाखवून ‘पूर्वीचे’ वाचून दाखवी. बँकेत नाव बदलले, नवा क्यूआर आला, तेव्हा हा प्रश्न थांबला.

दुकानाचे नाव बदलायचा विचार करणाऱ्यांना एवढीच विनंती: फ्लेक्सची ऑर्डर देण्याआधी आपली ऑनलाइन खाती कोणाच्या ईमेलवर आणि कोणत्या मोबाइल नंबरवर आहेत ते लिहून काढा. नावासोबत नंबरही बदलायचा असेल, तर जुने सिमकार्ड किमान वर्षभर रिचार्ज करत राहा. बदल मंजूर करणारे बहुतेक ओटीपी त्याच नंबरवर येतात.