मिठाला जागणे

खाल्ल्या मिठाला जागावे, हे वचन लहानपणापासून इतक्या मुखांतून आणि इतक्या प्रसंगी कानांवर पडले आहे की त्याच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण मला कधी पडले नव्हते. परंतु हल्ली ते मनात ठाण मांडून बसले आहे, आणि जों जों त्याचा अर्थ निश्चित करू पाहावा तों तों तो हातून निसटत चालला आहे. म्हणीतला हिशेब वरकरणी सरळ दिसतो. मीठ खाणारा तो ऋणको, घालणारा तो धनको. सबब चाकराने धन्याशी, शिपायाने सरकाराशी, आश्रिताने आश्रयदात्याशी इमान राखावे. हे सारे ज्याच्या ताटात मीठ वाढले जाते त्याच्याविषयी झाले. मोऱ्याला राहणाऱ्या माणसाला मात्र मिठाचा उगम धन्याच्या कोठारात आहे असे मानता येत नाही, कारण या उरण तालुक्याच्या खाडीकाठाने एके काळी मिठागरेच मिठागरे पसरली होती आणि त्यांतून राबणारे हात आगरी स्त्रीपुरुषांचे होते. ज्याने मीठ पिकवले त्याने कोणाच्या मिठाला जागावे? आणि त्याचे मीठ ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले, त्यांपैकी त्याला जागले कोण?

मीठ कसे पिकते हे जवळून पाहिले की हा प्रश्न अधिकच बोचू लागतो. उधाणाच्या भरतीला उघाडी उघडून खाडीचे पाणी आत घ्यावयाचे, ते बांधाआड कोंडावयाचे, आणि एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात फिरवीत उन्हावर दाट होऊ द्यावयाचे, असे हे संथ काम. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सारे क्षार मिळून भरतात सुमारे ३५ ग्रॅम, आणि ते पाणी आटून जवळजवळ दहावा हिस्सा उरेपर्यंत खाण्याचे मीठ धरू लागत नाही. मग एखाद्या दुपारी पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा पातळ पांढरा पापुद्रा येतो, वाऱ्याच्या झुळुकेने मोडतो, तळाशी बसतो आणि तिथे चौकोनी खडा होऊन वाढू लागतो. तो लाकडी फळीने ओढून बांधावर ढीग करावयाचा. परंतु उरलेले पाणी वेळीच सोडून दिले नाही तर त्यातले मॅग्नेशियमचे क्षारही खाली बसतात आणि मीठ कडवट होते. नेमके कुठे थांबावे हे ठरविते ती नजर, आणि ती नजर ज्याच्यापाशी असते त्याचे अनवाणी पाय दिवसभर त्या दाहक पाण्यात असतात. मृगाची पहिली सर आली की हंगाम संपला.

बांधावरच्या त्या ढिगाकडे राज्यकर्त्यांची दृष्टी फार पूर्वीपासून लागलेली आहे. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहून, पोर्तुगीजांकडच्या बारदेशाच्या स्वस्त मिठापुढे आपल्या मुलखातले मीठ पडून राहू नये म्हणून त्या परक्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली होती. इथे राजाच रयतेच्या मिठाला जागला, असे म्हणावेसे वाटते, आणि मला ते म्हणावयाला आवडतेही; तथापि राज्याच्या उत्पन्नाची काळजी कोठे संपली आणि मीठ पिकविणाऱ्याची कोठे सुरू झाली, हे मला त्या आज्ञेतून वेगळे काढता येत नाही. पुढे इंग्रजी अंमलात तर मिठावरचा करच सरकारी महसुलाचा एक खांब होऊन बसला. १९२३ साली तो दुप्पट झाला, १९३० साली शिरोड्यास सत्याग्रह झाला, आणि तो कर उठावयाला १९४७ साल उजाडावे लागले. या अवधीत सरकारी कचेऱ्यांतून नोकरी करणाऱ्या आपल्याच माणसांना ‘सरकारचे मीठ खाता, त्याला जागा’ असे बजावले जात असे, आणि ते सरकार स्वतः कोणाचे मीठ खात होते हे विचारण्याची सोय त्या म्हणीत कोठेच नव्हती.

माझ्या आजीजवळ मिठाविषयी निराळेच शास्त्र होते. सांडलेले मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावे लागते, असे ती सांगे. आणि चुकून चिमूटभर मीठ जमिनीवर पडले तर हातातले काम टाकून, बोटाचे टोक ओले करून, एक एक कण टिपून घेई. पापण्यांनी मीठ वेचण्याच्या कल्पनेने माझ्या बालपणीच्या कित्येक रात्री भयाण केल्या आहेत. परंतु आज वाटते की या समजुतीत धनी नाही, सरकार नाही, अन्नदाता नाही. तिथे माणसाचे देणे थेट मिठाशीच आहे, आणि मिठाशी म्हणजे कदाचित ते ओढणाऱ्या त्या फळीशी आणि त्या पायांशी. या विचाराने काही काळ समाधान झाले. मग मनात आले, की ही भक्ती नसून कराच्या दिवसांतली नुसती काटकसर असली तर? महाग वस्तू सांडू नये एवढ्याचसाठी कोणी तरी मुलांना परलोकाचे भय घातले असेल, आणि आजीला ते वारशाने मिळाले असेल. तिला विचारावे अशी आता वेळ उरलेली नाही.

म्हणींविषयीचा हा संशय मिठापुरताच राहत नाही. आयरिश लोकांची एक म्हण आहे, की मंद माणसासाठी ओहोटी थांबत नाही. मोरा बंदरात ही म्हण आठवली की मी थबकतो. इथे गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीला भाऊच्या धक्क्याकडे जाणारी लाँच बंद ठेवावी लागते, आणि तासभर आधी येऊन बसलेला आणि धावतपळत आलेला असे दोघेही उतारू धक्क्यावर सारखेच तिष्ठतात. ओहोटी मंद आणि चपळ असा भेद करीत नाही. तो भेद म्हणीने केला आहे, आणि दोष माणसाच्या पदरात घातला आहे. सगळ्याच म्हणी अशा ज्याची बाजू उणी त्याच्याकडे बोट दाखवितात काय? की त्या कोणाच्या तोंडून टिपल्या गेल्या, यावर ते अवलंबून असते? आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांकडून घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या कथा, समजुती आणि म्हणी वह्यांत उतरवून घेतल्या गेल्या. तिथल्या ब्लास्केट बेटावरची वस्ती १९५३ साली उठली, तरी बेटाचे बोलणे ग्रंथांतून उरले. आपल्याकडे मॅनवेअरिंग नावाच्या मिशनऱ्याने जमविलेला मराठी म्हणींचा संग्रह १८९९ साली छापला गेला, आणि दाते-कर्वे यांनी वाक्संप्रदायांचा कोशच सिद्ध केला. या थोर श्रमांविषयी मला नितांत आदर आहे. तरी मिठागराच्या बांधावर उभ्या असलेल्या बाईने मिठाविषयी स्वतः काय म्हटले असेल, याची भूक त्यांनी भागत नाही. तिची म्हण निराळी असेल. ऋणकोची नसेल, धनकोची असेल. इकडे १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, शेव्याची माणसे त्याआधीच उठून दुसरीकडे गेली होती, कितीतरी मिठागरे भरावाखाली गेली, आणि ज्या कानांनी ती म्हण ऐकली असेल ते आता विखुरले आहेत.

म्हण टाकूनच द्यावी असे कधी कधी वाटते. परंतु उपकार स्मरावा, ज्याचे खाल्ले त्याचे वाईट चिंतू नये, हे एवढ्या थोड्या शब्दांत सांगणारे दुसरे वचन माझ्यापाशी नाही, आणि इमान ही वस्तू काही केवळ धन्यांच्या सोयीसाठी निर्माण झाली असेही मला मानवत नाही. आमच्या घरी हल्ली येणारे मीठ पिशवीबंद आणि आयोडीनयुक्त असते. ते कोणत्या आगरातले आणि कोणाच्या हातचे, हे पिशवीवर छापलेले नसते. तेव्हा जागावयाचे तर कोणाच्या दारी जाऊन उभे राहावे? नातू परवा या म्हणीचा अर्थ विचारीत होता. मी त्याला नंतर सांगतो म्हटले आहे, आणि काय सांगावे हे अद्याप ठरलेले नाही.