शेवटच्या नळाचं पाणी

जानेवारी 2025चा शेवटचा आठवडा. सकाळी सातला पाणी आलं तेव्हा मी पुण्याच्या किरकटवाडीतल्या एका गल्लीच्या टोकाच्या घरात होते. काचेच्या नळीत नळाचं पाणी धरलं, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरिन असेल तर ते पिवळसर होतं. गावोगावचे जलसुरक्षक जिला ओटी टेस्ट म्हणतात, ती हीच. मी नळी उजेडात धरून थांबले. पाणी होतं तसंच राहिलं.

त्या घरातल्या आजी हंडा भरत होत्या. म्हणाल्या, "काचेसारखं पाणी आहे की गं! धरणाचंच आहे. खराब असतं तर वास नसता का आला?"

त्यांचा नातू तेव्हा दवाखान्यात होता. आधी दोन दिवस जुलाब झाले, ते थांबलेही. आठवड्याभराने चालताना पायातली चप्पल आपोआप निसटायला लागली, मग जिना चढवेना. गुलेन बारी सिंड्रोम, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं 'जीबीएस'.

हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. एरवी वर्षाला लाखात एखाद-दोघांना होतो. त्या महिन्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात रुग्णांची रांग लागली आणि पुढे पुणे विभागातला आकडा 200च्या वर गेला. कित्येकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. कोंबड्यांच्या आतड्यांत तो सहज राहतो. कच्च्या मांसातून येतो, तसाच विष्ठा मिसळलेल्या पाण्यातूनही येतो. त्याच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जिवाणूशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं आणि तीच पुढे आपल्या नसांवर उलटतात. लागण झालेल्या हजारात एखाद्याच्याच बाबतीत असं घडतं. म्हणूनच जीबीएसचे इतके रुग्ण एका भागात दिसले, की त्यांच्यामागे नुसते जुलाब होऊन बरे झालेले किती असतील, हा विचार मला झोपू देत नव्हता.

आजी म्हणत होत्या त्या खडकवासला धरणाचं पाणी पर्वतीच्या जलकेंद्रात गाळून, शुद्ध करून पुणे शहरात जातं. धरणाच्या कुशीतली खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, नांदोशी ही गावं 2021मध्ये महापालिकेत आली. इथे मात्र विहिरीत उतरलेलं धरणाचं पाणी न गाळता, नुसतं क्लोरिन घालून नळांना सोडलं जात होतं. धरणाची भिंत ज्यांच्या अंगणातून दिसते, त्यांच्या वाट्याला न गाळलेलं पाणी यावं, हा अन्याय आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही.

क्लोरिन विहिरीवर घातलं म्हणजे ते नळापर्यंत पोचतंच असं नाही. पाण्यातला गाळ आणि सेंद्रिय घाण ते वाटेतच खाऊन टाकतात. पाणी ठरावीक वेळच येतं, बाकी वेळ वाहिनी रिकामी. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली, की फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. कॅम्पिलोबॅक्टर काही चिवट नाही; पुरेसं क्लोरिन असलं तर तो लगेच मरतो. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावं, इतकीच अपेक्षा आहे.

मी स्वतः कित्येक वर्षं टाकीवरचे नमुने घेऊन, तक्ते भरून समाधान मानलं. टाकीजवळ नळी पिवळी व्हायची. गल्लीच्या टोकापर्यंत मी चालत गेले नाही, याची खंत त्या सकाळी आजींच्या स्वयंपाकघरात फार बोचली.

"मग आम्ही जारचं पाणी आणावं का गं?" आजींनी विचारलं. जारच्या पाण्याचाही भरवसा देता येईना. जार भरताना वापरलेलं आरओ यंत्र पाण्यातलं क्लोरिनही काढून टाकतं; त्यानंतर जार नीट धुतलेला नसेल, तर आतल्या पाण्याला राखण उरत नाही. मी त्यांना पाणी खळखळून उकळायला, त्याच भांड्यात झाकून गार करायला आणि ओगराळ्यानेच काढायला सांगितलं.

नातू दोन महिन्यांनी भिंतीला धरून चालत घरी आला.

तुमच्या गल्लीतलं शेवटचं घर कोणतं, ते तुम्हाला ठाऊक असेल. पाणी तपासायला कुणी आलं, तर त्यांना आधी तिथल्या नळावर घेऊन जा, आणि नळी पिवळी होते की नाही, ते स्वतः शेजारी उभं राहून बघा.