हंड्यावरचे नाव

१/ धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी तांब्याचा हंडा घेतला आणि त्यावर चित्र कोरून घ्यायला नंदुरबारच्या भांडेबाजारात गेलो. चित्र तिचेच होते. शाळेत असताना तिने वहीत प्रकाशे येथील तापी-गोमाईचा संगम आणि काठावरचे देऊळ काढले होते. दुकानदारांनी कागद पाहिला आणि विचारले, "भाऊ, नाव कोणाचं घालायचं?"

२/ प्रश्न साधा होता, पण मी अडखळलो. आमच्या घरी आजीचा हंडा आहे. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी तिच्या वडिलांचे नाव कोरलेले आहे. देणारा ठळक आहे, घेणारीचा उल्लेखही नाही. लग्नानंतर आजीचे नाव बदलले. तिचे माहेरचे नाव काय होते, हे आज घरात कोणालाच सांगता येत नाही.

३/ धातूवर कोरून दान देण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. नंदुरबारला लागून असलेल्या साक्री तालुक्यात कासारे येथे सेंद्रक राजा अल्लशक्तीचा ताम्रपट मिळाला. त्यावर कलचुरी संवत ४०४ आहे, म्हणजे साधारण इ.स. ६५३. ताम्रपट हे भूमिदानाचे कायदेशीर पत्र. कागद कुजतो, भूर्जपत्र फाटते, तांबे टिकते.

४/ घडण पाहा. बहुधा दोन-तीन पत्रे घेत. कडा किंचित उचलून ठेवत, म्हणजे पत्रे एकमेकांवर घासून अक्षरे झिजत नसत. बाहेरच्या बाजू बहुधा कोऱ्या सोडत. मग सारे पत्रे एका कडीत ओवून कडीच्या टोकांवर मुद्रा बसवीत.

५/ चित्र असे ते या मुद्रेवर. राष्ट्रकूटांचा गरुड, बदामीच्या चालुक्यांचा वराह, पल्लवांचा नंदी. चोळांच्या मुद्रेवर तर स्वतःच्या वाघाशेजारी पांड्यांचे मासे आणि चेरांचे धनुष्यही दिसते. अक्षर न वाचणाऱ्यालाही दान कोणाचे आहे, हे चित्रावरून कळे.

६/ मात्र ताम्रपटाचा मजकूर दात्याच्या प्रशस्तीवर थांबत नाही. दान घेणाऱ्याचे नाव, वडिलांचे नाव, गोत्र, राहण्याचे गाव आणि मिळालेल्या जमिनीच्या चतुःसीमा, सारे त्यात नोंदवीत. कारण पत्र राहणार घेणाऱ्याच्या घरी. उद्या कोणी हक्क नाकारला तर तेच त्याचा पुरावा. ज्याचे नाव पत्रावर नाही, त्याला ते दाखवून काय मिळणार?

७/ ही रीत आपल्या काळापर्यंत आली आहे. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले. तेव्हाही कोरले ते सन्मान घेणाऱ्याचे नाव.

८/ म्हणजे आजीच्या हंड्यावर जुन्या रिवाजाची अर्धीच बाजू उतरली होती. दात्याची प्रशस्ती राहिली, घेणारीची नोंद गळाली. पणजोबांच्या मनात माया नव्हती, असे मी म्हणणार नाही. त्यांनी बाजारात जे चालत होते, तेच केले. मीही दुकानात शिरलो, तेव्हा 'भावाकडून सप्रेम भेट' एवढेच कोरायचे ठरवून गेलो होतो.

९/ ताम्रपटाचा मजकूर अनेकदा आधी शाईने लिहीत आणि मग कारागीर छिन्नीने कोरी. अक्षर चुकले तर तेवढा भाग ठोकून सपाट करीत आणि पुन्हा कोरीत. अशा दुरुस्त्यांच्या खुणा कित्येक पत्र्यांवर आजही दिसतात.

१०/ दुकानदारांनीही हंड्यावर आधी पेनाने लिहून दाखवले. वर बहिणीचे संपूर्ण नाव, आज आहे तसे. खाली गाव आणि तारीख. त्याखाली मुद्रेसारखे संगमाचे चित्र. माझे नाव तळाशी, लहान अक्षरांत. "एकदा नीट वाचून घ्या," ते म्हणाले, "मशीन फिरल्यावर पुसता यायचं नाही." मी दोनदा वाचले आणि मग होकार दिला.