गिरणगावातील चित्रपटगृहे

मुंबईबाहेरील वाचकांना लालबाग-परळ हे नाव बहुधा गणेशोत्सवामुळे परिचित असते. परंतु भायखळ्यापासून दादरपर्यंत पसरलेल्या या भागाचे खरे नाव गिरणगाव, आणि येथील जीवन पिढ्यान्‌पिढ्या चालले ते कापडगिरण्यांच्या भोंग्यावर. या वस्तीची चित्रपटगृहेही भोंगा ऐकू येईल इतक्याच अंतरावर होती. लालबागला भारतमाता, जयहिंद आणि गणेश. लोअर परळला दीपक. उत्तरेस गेले की हिंदमाता, चित्रा, कोहिनूर आणि प्लाझा. सारीच पायी गाठण्याजोगी. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ दादरलाच घडविला. तेव्हा या वस्तीला चित्रपट कधी परका वाटलाच नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी.

गिरणी तीन पाळ्यांत चाले. पहिल्या पाळीचा कामगार दुपारी सुटून, आंघोळ करून सहाच्या खेळाला येई, आणि रातपाळीवाला तीनच्या. आमचे बाबा साचेखात्यात होते. ते सांगत की, तीनच्या खेळाची निम्मी तिकिटे झोपेसाठी खपत. चाळीतील एकेका खोलीत गावाकडची दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने अंथरूण वापरीत; अशा माणसाला अंधार, पंखा आणि तीन तास कोणी न उठविण्याची हमी इतक्या स्वस्तात अन्यत्र कोठे मिळणार?

आजीचा मात्र चित्रपटगृहाशी असलेला संबंध निराळा होता. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा देशभर बायका चपला बाहेर काढून आत गेल्या आणि त्यांनी पडद्यावर फुले उधळली. त्यांत आमची आजीही होती. त्यानंतर कोणताही चित्रपट असो, दिवे मालवले की ती नमस्कार करी. खलनायकाच्या चित्रपटालाही करी.

आमच्या स्मरणातला पहिला चित्रपट ‘माहेरची साडी’, साल १९९१. आमच्या रांगेतील एकही स्त्री रडायची थांबली नव्हती. आजीने मध्यंतरात पदर पिळून दाखविला, एवढे पक्के आठवते. दाराशी बॅटरी घेऊन उभ्या असणाऱ्या गृहस्थांना आम्ही मुले ‘मामा’ म्हणत असू. कोणाचे मूल शाळा बुडवून आले आहे, हे ते नेमके ओळखीत आणि घरी निरोप धाडीत. त्यांचा धाक मास्तरांपेक्षा अधिक होता.

परंतु तोवर गिरणगाव पूर्वीचे राहिले नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्यांतील असंख्य माणसे पुन्हा कधी कामावर परतलीच नाहीत. बाबा त्यांपैकीच एक. पुढे त्यांनी पहारेकऱ्याची नोकरी धरली. महिन्यातून एकदा ते आम्हां दोघा भावंडांना आजीबरोबर चित्रपटाला धाडीत. तीन तिकिटांचे पैसे मोजून देत. चौथे तिकीट कधीच नसे. ‘मला अंधारात डोळे दुखतात,’ असे ते म्हणत, आणि आम्ही ते खरे मानीत असू.

परतल्यावर मात्र चाळीच्या सज्जात त्यांना सारी कथा सांगावी लागे, अगदी नामावलीपासून. धाकटा भाऊ मारामाऱ्या करून दाखवी, मी संवाद म्हणे. ज्यांना तिकीट परवडले नव्हते अशी शेजारची दोन-चार माणसेही हळूच दाराशी येऊन बसत. कथेत काही सुटले की बाबा अडवीत, ‘मग त्या बहिणीचे काय झाले?’ आज भाषांतर करताना मूळ लेखकाची एखादी ओळ निसटू नये म्हणून जी धडपड होते, तिची सवय त्या सज्जातच लागली असावी.

पुढे गिरण्यांच्या आवारांत मॉल उभे राहिले. फिनिक्स गिरणीच्या जागी बहुपडदा चित्रपटगृह आले, दादरचे चित्रा मे २०१९ मध्ये बंद पडले. खुर्च्या मऊ झाल्या, ध्वनी स्वच्छ झाला, स्त्रियांना रात्रीच्या खेळाला निर्धास्तपणे जाता येऊ लागले. हे नाकारणे अन्यायाचे होईल. ढेकणांची आठवण तर कोणालाच येत नाही. तथापि सज्जात येऊन बसणाऱ्या त्या शेजाऱ्यांसारख्यांना तेथे जागा नाही, हेही तितकेच खरे.

गेल्या वर्षी भावाने बाबांना तशाच एका आवारातील चित्रपटगृहात नेले. त्यांची गिरणी ही नव्हे. पण मध्यंतरात ते बाहेर आले आणि काचेपाशी उभे राहून साचेखाते कोणत्या बाजूस असेल, याचा अंदाज बांधीत राहिले. चित्रपट त्यांना आवडला. डोळे दुखल्याची तक्रार त्यांनी केली नाही. तिकिटाचा दर आम्ही त्यांना अद्याप सांगितलेला नाही.