भरती-ओहोटीचे वन

हिवाळ्यात मुलाबाळांसह कोलकात्यास जाल, तर दोन दिवस सुंदरबनासाठी राखून ठेवा. गोदखालीपर्यंत मोटार, पुढे सारा प्रवास लाँचने. १९८४ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या वनात वाघ क्वचितच दृष्टीस पडतो. मुलांना हे आधीच सांगावे. चिखलातून भाल्यांसारखी वर आलेली खारफुटीची श्वासमुळे, ओहोटीच्या काठावर पहुडलेली मगर, चितळांचे कळप, नाना रंगांचे खंड्या पक्षी, हे त्यांना मनसोक्त पाहू द्या. वाघ येथे खाड्या पोहून जातो. होडीतही माणूस निर्धास्त नसतो. मध गोळा करणारे मौले, हिंदू असोत वा मुसलमान, बनबीबीला नमस्कार केल्यावाचून वनात शिरत नाहीत. तरीही कित्येक परतलेले नाहीत. तेथील मध विकत घेताना घासाघीस मात्र करू नका.