बढत्यांचा हिशेब

इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला, तेव्हा पुढे रोमन सिनेटर झालेला धाकटा प्लिनी सतरा वर्षांचा होता. त्याचा मामा आरमाराचा प्रमुख. जहाज काढताना त्याने भाच्याला विचारलं, येतोस का? भाचा म्हणाला, अभ्यास आहे. मामा परत आला नाही. भाचा लिव्हीच्या इतिहासातले उतारे काढत बसला. पुढचा सगळा सिनेटर मला या उत्तरातच दिसतो.

सम्राट डोमिशियनच्या काळात त्याने एकेक पद गाठलं. 93 साली त्याच्या काही मित्रांना देहदंड झाला, काही हद्दपार झाले. सभागृहात बसलेल्यांपैकी कुणी ब्र काढला नाही, यानेही नाही. डोमिशियनचा खून झाल्यावर मात्र त्याने लिहिलं की माझ्याभोवती विजा कोसळत होत्या, माझ्याविरुद्धचा अर्ज सम्राटाच्या कागदांत सापडला, मी बढती घेणं थांबवलं होतं. पण त्याचा कोरीव लेख काही वेगळंच सांगतो. त्यातलं सैनिकी खजिन्याचं प्रमुखपद बहुतेक अभ्यासक डोमिशियनच्याच अखेरच्या वर्षांतलं मानतात. दगडावर ते ठसठशीत आहे. त्याच्या पत्रांत त्याबद्दल अवाक्षर नाही. खोटारडा म्हणायला जीभ रेटत नाही. भ्यालेल्या माणसाला आपली भीती नंतर धैर्यासारखी आठवू लागते, एवढंच.

100 साली तो कॉन्सल झाला आणि सम्राट ट्रेजनची स्तुती करणारं लांबलचक भाषण त्याने ठोकलं. ते मी कसंबसं संपवलं.

माझा जीव जडला तो पुढे बिथिनिया प्रांताचा राज्यपाल झालेल्या प्लिनीवर. तिथल्या निकोमीडिया शहराने पाणी आणण्यासाठी 33,18,000 सेस्टर्स ओतले, काम अर्धवट टाकलं, पाडलंही. मग दुसऱ्या कालव्यावर आणखी 2,00,000. प्लिनी स्वतः झऱ्यापाशी गेला, जुन्या बांधकामाचे दगड कुठे वापरता येतील ते पाहिलं. त्याच शहरात आग लागली तर लोक हात बांधून उभे. सार्वजनिक पंप नाही, बादली नाही. त्याने दीडशे जणांचं अग्निशामक पथक मागितलं. ट्रेजनने नकार दिला: अशा मंडळ्यांचे पुढे राजकीय गट होतात. आगीपेक्षा संघटनेची धास्ती मोठी!

सरकारी प्रवासाचे परवाने त्याने खासगी कामासाठी कधी दिले नव्हते. पत्नी कल्पूर्निया हिचे आजोबा वारले, तिला आत्याकडे जायचं होतं, तेव्हा मात्र त्याने परवाना आधी दिला आणि सम्राटाला मागाहून कळवलं. ट्रेजनने लिहिलं, योग्य केलंस. जपून राहिलेला त्यांचा पत्रव्यवहार इथेच संपतो.